नकाराला लागणारा वेळ

कुलूप नीट होतं. किल्लीही.
फक्त चुकीच्या किल्लीला 'नाही' म्हणताना
पहिलीच खाच चुकली असेल तर ते लगेच म्हणायचं,
आणि पहिली जुळून दुसरी चुकली
तर कणभर थांबून.
एवढंच.
त्या कणाकणाला कान लावून कोणी बसलं
तर रात्रभरात अख्खी किल्ली घडवता येईल,
असं टार्टूहून एका मुलीनं मला कळवलं,
आलेख जोडून, आणि शेवटी क्षमा मागून,
जणू खोट तिनंच ठेवली होती.

नव्वद दिवस, तिनं लिहिलं, मी कुणाला सांगणार नाही.

अकरा वर्षं हा कोड उघड्यावर होता.
कुणीही यावं, वाचावं.
चोडणच्या खाजणातल्या मानशीसारखा:
शेत सगळ्यांचं, भरतीही सगळ्यांची,
आणि फळी सरकली का ते बघायला
रात्री बांधावर कोणीच जात नाही.

नव्वद दिवस मी फेरीबोटीतून रायबंदरला गेले, आले.
रुझारिन टोपलीवर फोन ठेवून
पैसे जमा झाल्याचा आवाज ऐकायची.
धर्मा चोडणकर डायलिसिसच्या तारखा बघायचा.
प्रत्येकाच्या खिशात माझं कुलूप.
मी खारफुटीकडे तोंड करून उभी,
जिभेखाली गोळी धरल्यासारखी.

घरी येऊन ती ओळ उघडली.
ओळ कुणी लिहिली हे विचारायची एक आज्ञा असते,
तिचं नावच 'ब्लेम'.
विचारलं. उत्तर आलं: कायतान.
रात्री दोन वाजून दहा मिनिटं.

कायतान आता स्विंडनला, गोदामात खोके उचलतो.
आजोबांच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट निघाला.
फर्मागुडीच्या खोलीत मी विचारलं होतं, तू जाणार?
'ना,' म्हणाला. पण आधी
शेगडीची आच कमी केली, मग वाढवली, मग ना.
मला वाटलं, सिलिंडर संपत आलाय.

आणि मग आठवलं.
दोन वाजून दहा मिनिटांनी कायतान बांगडे तळत होता,
रेशादानं दोन्ही हात लाल.
लॅपटॉप त्याचा, खुर्ची त्याची,
बोटं माझी.

फोन लावला. तिकडे सकाळ, मागे पट्ट्याची घरघर.
ती तुलनेची ओळ, कोणी लिहिली होती रे?
मध्ये काहीतरी गेलं.
समुद्र असेल, उपग्रह असेल,
गोदामाचं जाड पत्र्याचं छप्पर असेल.
'हांवेंच गो,' तो म्हणाला. 'आनी कोण?'

ते अंतर मला मोजता आलं नाही.
नॅनोसेकंद मोजणारी मी.

दुरुस्ती चार ओळींची.
चूक पहिल्याच अक्षरात सापडली तरी
शेवटच्या अक्षरापर्यंत जायचं,
चाल बदलायची नाही,
मग सांगायचं, नाही.
आमची फेरीबोट तशीच. गच्च भरलेली असो
की रात्रीची शेवटची, एका सायकलीसाठी सुटलेली,
मांडवी ओलांडायला तेवढाच वेळ घेते.
काठावर घड्याळ लावून बसलेल्याला
आत कोण होतं ते कळत नाही.

नव्वदाव्या दिवशी चारही ओळी तयार.
बदलाखाली कारण लिहायला जागा असते.
तिथे लिहिलं: चूक माझी.
कायतान त्या वेळी मासे तळत होता.
दुसरं वाक्य खोडलं.
मग पहिलं खोडून दुसरं परत आणलं.
टार्टूची मुलगी विचारत होती, झालं का?
'हो' लिहायला मला
पावणेदोन मिनिटं लागली.