भाव विचारून जाणारे

पणजीत पाटोवर, चौथ्या मजल्यावर
माझं काम शब्द टोपल्यांत टाकायचं.
ज्या देशांचे सरकारी आकडे दीड वर्ष उशिरा येतात
तिथली माणसं रात्री मोबाइलवर काय शोधतात
ते सकाळी माझ्यासमोर येतं, नावगाव पुसून.
जुना फ्रीज किंमत : घरखर्च.
सोनं ठेवून किती मिळतील : कर्ज.
दोहा विमानतळ सफाई नोकरी : रोजगार.
असे शब्द चढले की
कुठल्याशा देशाची रेघ उतरते,
आणि आल्विन फुर्तादो चहा ढवळत म्हणतो,
बघ, त्यांच्या बँकेला अजून पत्ता नाही.

मंगळवारी चाचणीला आपलाच तालुका दिला. केपें.
खाण बंद पडली त्या वर्षाचे शब्द.
टिपरचा हप्ता चुकला तर.
टायर परत घेतात का.
बोटीवर कूक, वय पन्नास चालेल का.
मग एक ओळ, रोमी अक्षरांत, स्पेलिंग मोडकं :
टिपर विकल्यार कितें मेळटा.
मशीननं पुढे लिहिलं होतं, अर्थ लागत नाही.
मी कर्जात टाकली. काढली. रोजगारात टाकली. काढली.
बाबा 'ट'ला दोन टी लावायचे.
इथंही दोन होते.
पण दोन टी लावणारे कुडचड्यात शंभर असतील.

शनिवारी बाजारात पिएदादमायला सांगितलं
मी पगार कशाचा घेते ते.
ती हसली, बांगड्यांवर पाणी मारलं.
"घेणाऱ्यांचं काय गो, ते येतातच.
भाव विचारून जातात ना, त्यांना मोजते मी.
ते वाढले की दुसऱ्या दिवशी
एक पाटी कमी उचलते."
आणि जे विचारतच नाहीत?
तिनं सुरी पुसली.
"ते मागच्या गल्लीनं जातात. मला तोंड दाखवत नाहीत.
तुझा बापूय गेला वर्षभर."

सोमवारी केपेंची रेघ वर आली होती.
हप्ता, कर्ज, टायर, सगळे शोध निम्म्यावर.
सुधारलं म्हणायचं, आल्विन म्हणाला, लाव शिक्का.
मी शेऱ्यात लिहिलं : मागची गल्ली.
खाली लाल अक्षरं उमटली,
या रकान्यात फक्त आकडा चालेल.