पसंतीक्रम

माझ्या खोलीच्या दारावर अजून ‘क्रीडा साहित्य’ लिहिलंय.
सोमवार, गुरुवार मी इथे, कोपरखैरण्यात,
लेझमांच्या पेटीशेजारी.
बाकीचे दिवस तुर्भे, घणसोली.
समुपदेशक कुणी म्हणत नाही मला,
‘फॉर्मवाल्या मॅडम’ म्हणतात,
आणि जूनमध्ये ते खरंच असतं.

कार्तिकी धनावडे. एक्क्याण्णव पूर्णांक चाळीस.
तिच्या आधी तिची टक्केवारी आत आली.
शिपाईमामांनी सांगितली, मुख्याध्यापिकांनी सांगितली,
माथाडी वसाहतीतल्या एका बाईंनी
फाटकातच अडवून सांगितली, वर विचारलं,
“सायन्सच ना?”

सायन्सच, मीही म्हणाले.
विचारलं नाही. म्हणाले.
एवढ्या मार्कांवर कला शाखा म्हणजे
पैठणी नेसून धुणं धुवायला बसणं,
असं आपण बोलत नाही कधी,
बोट मात्र आपोआप त्या रकान्यावर जातं.

नाव, आईचं नाव, पिन कोड भरून झाला.
मग ओटीपी.
ओटीपी जातो वडिलांच्या मोबाइलवर,
मोबाइल वाशीला, कांदा-बटाटा मार्केटात,
कुठल्याशा गाळ्याच्या खणात,
आणि वडील फळीवर, पाठीवर पन्नास किलो.
ओटीपी दहा मिनिटं जगतो.
गाडी तेवढ्यात रिकामी होत नाही.

त्या दुपारी तीन ओटीपी वारले.

मधल्या वेळात तिने विचारलं,
“मॅडम, तुमचा पहिला पसंतीक्रम काय होता?”
माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्न नाही.
माझा फॉर्म मामाने भरला होता,
ठाण्याला, झेरॉक्सच्या दुकानात, उभ्या उभ्या,
रिफिल संपली तेव्हा शेजारच्याचं पेन मागून.
शाखेचा रकाना मी घरी येऊन वाचला.
हे मी तिला सांगितलं.
सांगायला नको होतं बहुतेक.

मग विचारलं,
जे सगळ्यात आधी विचारायचं होतं.

ती जरा गप्प राहिली. लेझमाची एक कडी
बोटाने वाजवत म्हणाली,
“बाबांच्या टोळीचा हिशोब मी लिहिते, रविवारी.
सकाळी मार्केटात कांदा बारा रुपये,
संध्याकाळी आमच्या सेक्टरात तीस.
मधले अठरा कुठे राहतात?
ते कुठल्या शाखेत शिकवतात?”

मी माहितीपुस्तिका उघडली.
पान सापडलं असतं. अर्थशास्त्र
वाणिज्यात आहे, कलेतही आहे,
पण तिने विषय विचारला नव्हता,
पत्ता विचारला होता.

तेवढ्यात वडीलच आले.
आकडा कमरेला, खांद्यावर कांद्याची सालं.
“तीनदा वाजला हा. पोरीला काही झालं का?”
मोबाइल दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला,
आजारी माणूस डॉक्टरपुढे ठेवावा तसा.
खुर्ची एकच, म्हणून पेटीवर टेकले.
मी म्हटलं, ही अठरा रुपयांचं विचारतेय.
ते हसले नाहीत.
“त्यातले आठ आणे माझे,” म्हणाले,
“बाकीचे मलाबी म्हाईत न्हाईत.”
आणि लगेच, “पर सायन्सच ना?”

चौथा ओटीपी आला.
त्यांनी स्क्रीन लांब धरली, डोळे बारीक केले,
आणि गोणी मोजतात त्या सुरात वाचलं,
“लाभ… चार… शून्य… नऊ…”
मी एक दाबला. चार. शून्य. नऊ.
मोजणी एकने सुरू करायची नसते,
हे माझ्या आजोळी कुणालाही माहीत होतं.
मी विसरले होते.

पुढचं पान उघडलं. दहा रिकामे रकाने.
“दहा?” ते म्हणाले. “आमाला मुकादम देईल ती गाडी.”
मी कीबोर्ड कार्तिकीकडे सरकवला.
पंख्याकडे बघत बसले.
वडील तिच्या बोटांकडे बघत होते.

‘लाभ’पुढे तिने काय लिहिलं,
मी सांगणार नाही. यादी लागायचीय अजून.
आणि दाराबाहेर एक मुलगा
मघापासून उभा आहे, अठ्ठेचाळीस टक्के,
त्याला कुणीच अडवून काही विचारलेलं नाही.