मधली साय

सकाळी साडेसात. उपाशीपोटी
सीताकांत चेऊलकर बाही वर करतात.
"बाई, डावा घ्या. उजव्याची शीर लपते."
जांभळ्या टोपणाची नळी, सँपल एकेचाळीस.
न विचारता सांगतात:
भायखळ्याला, फायर ब्रिगेडमध्ये, अठ्ठावीस वर्षं.
डाव्या टाचेला ड्रेसिंग. दुखत नाही म्हणतात,
आणि तेच वाईट, हे त्यांनाही ठाऊक आहे.

सेंट्रिफ्यूज थांबतं.
खाली लाल, वर पिवळसर पाणी,
आणि मध्ये, कोमट दुधावर धरावी तशी
पुसट साय.
परळच्या या तिसऱ्या मजल्यावर
माझा पगार त्या सायीचा.

पांढरी पेशी जंतू गिळते, पोटात घालून जाळते.
घर पेटू नये म्हणून विझवणारेही घरातच:
एक डिस्म्युटेज, तो ठिणगीचं पेरॉक्साइड करतो.
दुसरा कॅटलेज, तो त्याचं पाणी करतो.
नुसतं पाणी, आणि थोडा प्राणवायू.
सतरा वर्षं झाली,
इथे अजून माझा हात जरा थांबतो.

स्क्रीनवरची रेघ भराभर उतरायला हवी.
एकेचाळीसची रेंगाळते.
(कुणाकुणाची आधी जास्तच वेगात उतरते,
डबल ड्युटी केल्यासारखी. पडते ती नंतर.)

"माझं काय निघालं?"
सांगायची परवानगी नाही.
तरी बोलून गेले, "आग विझवणारे कमी पडतायत, काका."

ते हसले. मग हसायचे थांबले.
"शिवडीला साखरेचं गोदाम पेटलेलं.
पाणी मारलं, तर पाक झाला.
होज चिकट, कपलिंग फिरेना,
बूट उचलावा तर पाय बाहेर येई, बूट तिथेच.
माणसं हजर, पाणी हजर, आग समोर,
आणि हात म्हणून चालेना कुणाचा."

आम्ही त्याला ग्लायकेशन म्हणतो.
साखर एन्झाइमला चिकटते,
तो असतो, पण कामाचा राहत नाही.
चार पानं लागली होती आम्हाला. आलेखासकट.

दाराशी चप्पल चाचपडत, पायाने नाही, डोळ्यांनी,
ते वळले. "उरलेली साय टाकून देता?"
"नाही. उणे ऐंशीला ठेवतो."
"ठेवा," म्हणाले. "गार जागा द्या पोरांना.
बूट तेवढे काढायला सांगा."