दोन पोटांचा ळ

तू तिसरीत होतीस, मिहिका,
आणि मी ड्रममध्ये नापास. चौथ्यांदा.

डोंगराच्या पायथ्याचं ते मैदान,
सकाळी सातलाच तापलेलं,
पत्र्याच्या ड्रमांच्या दोन रांगा,
मधून गाडी उलटी न्यायची, कुठे न शिवता.
सरावाला खमीस शेजारी बसायचा,
खजुराची बी गालात घोळवत म्हणायचा,
"श्वय श्वय, मॅडम."
मी श्वय श्वय न्यायची
आणि बरोब्बर तिसऱ्या ड्रमला टेकवायची.

पहिल्या तीन वेळा तुला सांगितलंच नाही.
म्हटलं, परीक्षा पुढे ढकलली.
आणि त्याच तोंडाने संध्याकाळी
तुझ्या वहीत ळ गिरवून घेतला.
तुझ्या ळचं एक पोट फुगायचं,
दुसरं उपाशी.
तू पान टरकावलंस.
मी लांज्याच्या शाळेच्या भिंतीवरचं
जुनं शहाणपण काढलं:
वाळू रगडत राहिलं ना, की तेलसुद्धा निघतं.

तू खिडकीतून कुरुमकडे पाहिलंस,
रिफायनरीची ज्योत हलत होती.
"इथे तर निघतंच की.
बाबांची कंपनी पाईप लावते."

यावर काय बोलणार!
हसू आलं, आणि हसता हसता
सगळं सांगून टाकलं.
चारही वेळचं.

तू रागावली नाहीस. विचारलंस,
"नक्की कुठे लागते?"

मग फरशीवर डाळींचे डबे मांडले,
तूर, मसूर, मटकी, चवळी,
मोकळी आगपेटी झाली गाडी.
तू पोटावर पडून, हनुवटी फरशीला लावून
माझं बघत राहिलीस.
"आई, तू घाबरून आधीच वळवतेस.
मसूर जाऊ दे. मग वळव."

रात्रीचे दहा. कणीक तशीच परातीत.
मी मसूर जाऊ देत होते,
पुन्हा जाऊ देत होते,
आणि तू कंटाळून दुसरी आगपेटी घेतलीस,
तुरीला वळसा घातलास,
मधून आलीस, मटकीला वळसा,
आणि थबकलीस.
"आई. हा ळ आहे."

दुसऱ्या दिवशी तो वहीत
लगेच नीट आला, असं काही नाही.
आठवडाभर लंगडतच होता.
आणि मी, पाचव्या वेळी,
ड्रम सगळे सोडवले एक न शिवता,
चढावर मात्र ब्रेक सुटला,
गाडी हातभर मागे आली.
पोलिसाने पेन उचललं, कागदावर फुली.

घरी आले. तू दारातच होतीस.
तोंड बघून कळलं असणार,
पण तू "अरेरे" म्हणाली नाहीस,
बाजारातून घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलंस:
"पुढची कधी?"

आणि स्टुलावर चढून
किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर,
मंगळवारच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिलंस:
आई. चढ. वेळ साडेसात.

ते कॅलेंडर मी अजून ठेवलंय.
चौकट लहान, तुझी अक्षरं मोठी,
ळचं दुसरं पोट
सरळ बुधवारात शिरलेलं.