ओळ चौदा

मे महिना, नंदनवन, रात्रीचे सव्वाअकरा.
कूलरची टाकी कोरडी. आत नुसती फॅनची घरघर,
आणि स्क्रीन सांगते: चूक, ओळ चौदा.

ओळ चौदा मी सतरा वेळा वाचली.
कंस मोजले, डॉलर मोजले.
गजभिये मॅडमना मेसेज टाकला.
उत्तर आलं, "वरची बघ."

तेराव्या ओळीच्या टोकाला अर्धविराम नव्हता.
वाक्य संपेल संपेल म्हणत मशीन
चौदाव्या ओळीत शिरलं होतं
आणि तिथं ओरडत बसलं होतं.

मॅडम इतवारीत शिकवतात, डाळीच्या गोदामावर.
खालून तुरीचा भुसा नाकात जातो, वरून पत्रा तापतो.
पहिल्या दिवशी मी फाइल थेट डबल क्लिक करून उघडली
तर पानावर माझाच कोड, जसाच्या तसा.
"कच्ची पोळी ताटात वाढली तू," मॅडम म्हणाल्या,
"लोकलहोस्टच्या तव्यावरून जाऊ दे आधी."

नंतर लॉगिन करून पान पुढं सरकेना.
दोन दिवस.
पीएचपीच्या पहिल्या खुणेआधी एक रिकामी ओळ होती,
मीच एंटर दाबून सोडलेली.
"वऱ्हाड स्टेशनातून सुटलं," मॅडम म्हणाल्या,
"आता हॉल बदलला हे कोणाला सांगतेस?"

सगळ्यात वाईट ते कोरं पांढरं पान.
चूक नाही, ओळ नाही, काही नाही.
माणूस कण्हला तर निदान कळतं कुठं दुखतंय.
चुका दाखव, असं त्याला सेटिंगमध्ये जाऊन
सांगावं लागतं, हे मला कोण सांगणार होतं?

बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान, सक्करदरा.
त्यांची उधारीची वही मी पानावर चढवत होते.
जर-तरच्या कंसात दोनऐवजी
बरोबरचं एकच चिन्ह टाकलं
आणि अख्ख्या सक्करदऱ्याची उधारी फिटली.
सगळ्यांपुढं हिरव्या अक्षरांत: जमा.
बाबा स्क्रीनकडे बघत राहिले.
"मले तर एक रुपया नाही भेटला बा."

मोहननगरच्या डिसूझा आंटींनी आणखी घोळ केला.
म्हणजे त्यांनी नाही, त्यांच्या इंग्रजी नावातल्या
त्या वर लटकणाऱ्या चिन्हानं.
सगळी क्वेरी तिथंच तुटली.
"नाव क्वेरीत कालवू नको," मॅडम म्हणाल्या,
"जागा सोड. प्रश्नचिन्ह ठेव. नाव मागून दे."
आंटी आल्या, चिन्हासकट, दोन पॅड आणि एक पंप बाकी.

मग मराठी नावं टाकली.
बाबांचं पहिलं. कवडू झाडे.
सेव्ह केलं, पान ताजं केलं:

???? ????

ही प्रश्नचिन्हं मी ठेवली नव्हती.
मोजली तर चार आणि चार.
ड एक, त्याचा उकार वेगळा.
छत्तीस वर्षं लोकांचे कूलर गार करणारा माणूस
आणि मशीनला हा कोण, ते माहीत नाही.

टेबलात युटीएफ-आठ केलं. तरी तेच.
जोडणीतही करावं लागतं, हे पहाटे तीनला सापडलं.
मॅडमना नाही विचारलं.
प्रश्नचिन्हं झालेली नावं मात्र परत येत नाहीत,
एकशे बारा होती,
सगळी वहीतून बघून पुन्हा टाइप केली.

सकाळी बाबांना दाखवलं.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"माहं नाव." मग जरा थांबून,
"हे दुकानावरून दिसंल का मले?"
नाही, म्हटलं. सध्या फक्त ह्याच लॅपटॉपवर दिसते.
"मंग वहीत अन् ह्याच्यात काय फरक हाय?"

आणि पाइप घेऊन कूलरची टाकी भरायला गेले.

मॅडमना मेसेज टाकला: हे सगळ्यांना कसं दिसेल?
दोन निळ्या खुणा.
टाइप करून राहिल्या.
थांबल्या.
पुन्हा टाइप करून राहिल्या.