शेऱ्याचा रकाना

माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे आली.
रेगे मास्तरांनी पट्टीनं रकाने आखून दिले:
शाळा, खेळले, जिंकले, हरले, बरोबरी, गुण.
वेंगुर्लं, मालवण, देवगड, राजापूर, रत्नागिरी.
शेवटी थोडी जागा उरली, तिथं लिहिलं ‘शेरा’.

तोच रकाना सगळ्यांत आधी भरला.

शेरा: आगबोट जैतापुरास थांबली नाही, राजापूर गैरहजर.
गुण कोणाला द्यावेत यावर मास्तर दोन दिवस गप्प होते.
मग म्हणाले, दर्याला देता आले असते तर दिले असते.

शेरा: ब्लॅडर फुटला.
मुंबईहून नवा येईस्तोवर तीन आठवडे
आम्ही आत पेंढा कोंबला.
चेंडू उडेना, नुसता सरपटे,
आणि त्यातच देवगडकडून एक गोल खाल्ला.

मैदान म्हणजे सडा. जांभ्या दगडावर
प्रत्येक गुडघ्यानं आपली थोडी कातडी ठेवलेली.
जोरात मारला तर चेंडू काजूंत, आणखी जोरात मारला तर खाडीत.
गोलाचे खांब सुरूचे, जाळं लुमा कुबलच्या बापाचं, जुनं.
देवगडच्या मास्तरांनी लेखी तक्रार दिली:
गोलाला बांगड्याचा वास येतो.

त्या जाळ्यापुढं लुमाच उभा असे.
रापणीचे दिवस सोडून शाळेत येई,
तळव्यांवर दोराच्या चिरा, चिरांत मीठ.
“येता त्या लाटेक काय बघतंस?
तिच्या फाटसून येता, तिका बघ,” म्हणायचा.
आम्हाला समोर अकरा पोरं दिसत.
त्याला काय दिसे कोण जाणे.
मालवणनं नऊ वेळा मारला, नऊ वेळा त्यानं उचलला.

अंतू गणपुल्याचे वडील म्हणाले होते,
चामडं आहे, पायानं मार, पाय धुता येतात;
डोक्याला लागलं तर आंघोळीशिवाय उंबरा ओलांडू नकोस.
म्हणून उंच चेंडू आला की अंतू मान तिरकी करून
खांद्यावर झेली.
मालवणची पोरं तो डाव शिकून गेली.
कारण कुणी विचारलं नाही.

मध्यंतराला पाणी दोन कळशांतून.
दाऊद होडेकर, इनास फर्नांडिस, लुमा
करवंदीच्या जाळीपलीकडे बसत.
हे मी शेऱ्यात लिहिलं नाही.
जागा होती.

वैशाख संपता संपता
आम्ही आणि रत्नागिरी, दोघांचे गुण अकरा.
शेवटचा सामना त्यांच्या गावी.
बंदरावर बसलो, चेंडू गोणपाटात,
घरून आणलेले पोहे, अबकारी इन्स्पेक्टरची उसनी शिट्टी.
सुक्या सुंगटांच्या पोत्यांवर रात्र काढली.
पहाटे लुमा पाण्याकडे बघून म्हणाला, “फिरलो दर्यो.”
दहा वाजता कारकुनानं फळी टांगली:
आगबोटी बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत.

शेरा: सामना बाकी.

नारळी पौर्णिमेला नारळ पडला, बोट आली.
तोवर अंतू पुण्याला, दाऊद चुलत्याकडे केपला,
इनास कुठल्याशा बँडात कॉर्नेट वाजवायला,
आणि लुमा खलाशी होऊन
ज्या जहाजावर चढला
त्याचं नाव त्याच्या बापाला कधी नीट सांगता आलं नाही.
पुढं लढाई लागली. नवी वही कुणी आखली नाही.

पंचवीस वर्षांनी एक वकील कोर्टाच्या कामाला आला,
टपाल कचेरीत माझ्याकडून तिकिटं घेता घेता थांबला.
“तुम्ही बारा सालच्या संघातले ना?”
संघातला नाही, म्हटलं, वहीतला.
तो हसला. म्हणाला, “आम्हीही धक्क्यावर होतो हो,
रात्रभर. दक्षिणेकडे बघत.
मशालीसुद्धा आणल्या होत्या,
तुम्हाला वाट दिसावी म्हणून.”

चहा मागवला. ढालीचा विषय निघाला नाही.
उठताना त्याच्या हातून सुपारीची डबी निसटली,
गोल, पितळी, फरशीवर घरंगळत माझ्याकडे.
जन्मात मी कधी खेळलो नव्हतो,
तरी पाय आधी पुढं झाला.