तिथीची पाऊणकी

जूनमध्ये ऐरोलीच्या आमच्या शाळेत
भिंतींवर पाच कोश चिकटवले गेले.
अन्नमय कँटीनशेजारी,
प्राणमय स्वच्छतागृहाच्या दारावर, कारण जागा तिथेच उरली होती,
आनंदमय अगदी वर, चौथ्या मजल्यावर,
जिथे गच्चीला कायम कुलूप असतं.

पुण्याहून आलेले गृहस्थ दोन दिवस बोलले.
शिक्षण समग्र हवं : हात, श्वास, मन, माती.
ते खोटं बोलत नव्हते.
आम्ही चाळीस जणी खुर्च्यांवर बसून ऐकत होतो
आणि पाय बधिर झाले होते.

माझ्याकडे गणित, म्हणून माझ्या वाट्याला जुने पाढे.
पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी.
दर शुक्रवारी, शेवटच्या तासाला, पांढऱ्या सदऱ्यांत
सहावी ब एका सुरात म्हणायची :
एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन...
पालकसभेत टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले.
हे कशासाठी, कुणी विचारलं नाही.
बरं झालं. मला माहीत नव्हतं.

मग एका शुक्रवारी कस्तुरी मढवी,
शेवटचा बाक, दिवा कोळीवाडा,
आठ पाऊण सहावर थांबली,
खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"टीचर, आज आठम. सहाला भरती."

वर्ग हसला. मी विचारलं, कसं काय?
तिने माझ्याकडे पाहिलं,
मी बे एके विचारल्यासारखं.
"तिथीची पाऊणकी करायची. तेवढ्या वाजता पाणी भरतं.
बापूस होरी त्याच्यावरच काढतो."

मी भुसावळची. आमच्याकडे पाणी
नळाला यायचं, आठवड्यातून एकदा,
कुठलीही तिथी न बघता.

संध्याकाळी धक्क्यावर गेले.
सहा वाजले. चिखल तसाच उघडा.
निवट्या उड्या मारत होत्या,
खारफुटीच्या मुळांना अडकून प्लास्टिकच्या पिशव्या
पाण्याची वाट बघत होत्या.
सव्वासहा. मला थोडा आनंदच झाला, कबूल करते,
पाढा चुकल्याचा.

हिरोजी मढवी जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले,
"भांगाचं पानी, मास्तरीन. आलशी.
आन पाढा भाईर दर्यावरचा हाय,
आत खारीन यायला त्याला येल लागतो.
भराव परल्यापासना त कायच सांगता येत नाय."

मग तुम्ही काय करता?

"पाढा म्हनतो," ते म्हणाले. "मंग बघतो."

साडेसहाला पाणी आलं,
कुणी बोलावलं नव्हतं अशा बेतानं,
आणि पहिली निवटी दिसेनाशी झाली.

सोमवारी फळ्यावर लिहिलं :
तिथी गुणिले पाऊण, अधिक किती?
आणि 'किती'चं उत्तर शोधायला
बत्तीस मुलं पंधरा दिवस धक्क्यावर,
बांबूवर रंगाच्या खुणा, वह्या ओल्या,
ईशान वैशंपायनचा बूट चिखलाने ठेवून घेतला
तो अजून परत मिळालेला नाही.
त्याच्या आईची तक्रार आली. रीतसर, लेखी.
मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं,
हे नेमकं कुठल्या कोशात बसवायचं?
मी जिन्यात उभी राहून पाचही तक्ते पुन्हा वाचले.

सहामाहीत प्रश्न घातला, गुण दोन :
षष्ठीला भरती किती वाजता?
एकतीस जणांनी साडेचार लिहिलं,
काहींनी वर अर्धा तास मिळवला, पायऱ्या दाखवून.
कस्तुरीने लिहिलं :
आधी सांगा, कुठल्या धक्क्यावर?

उत्तरसूचीत हे नाही.
तिची उत्तरपत्रिका बाजूला ठेवली आहे, लाल पेन वर.
खिडकीतून खाडीचा एक पट्टा दिसतो,
दोन इमारतींच्या मधला, बोटभर.
आज दशमी.
म्हणजे साडेसात.
मंग बघू.